न फिटणारं सुतक

सेलू म्हणा, मानवत म्हणा, परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत पेन्शनवाल्यांची रांग लागते. त्या रांगेत एक निवृत्त गुरुजी उभे आहेत. खिडकीशी पोचल्यावर ते पैसे काढायच्या स्लिपवर सही करतात. पहिलं अक्षर ठीक येतं, मग एकेक अक्षर आक्रसत जातं आणि आडनाव येईपर्यंत नुसती वळवळती रेघ उरते. कॅशियर नमुन्याची सही पडद्यावर पाहतो, पुन्हा स्लिपकडे पाहतो. तो गुरुजींच्याच हाताखाली चौथी पास झालेला. शाईचा पॅड हळूच पुढे सरकवत तो म्हणतो, "गुर्जी, सही जुळंना गेली बघा. अंगठा देता का? लवकर होईल तुमचं."

साक्षरता मोहिमेच्या दिवसांत याच गुरुजींनी रात्रीच्या वर्गात गावातल्या बायाबापड्यांचे हात धरून त्यांना सही शिकवलेली असते. ते स्लिप खिशात घालतात आणि घरी येतात. पुढच्या महिन्यापासून मुलगा एटीएममधून पैसे काढतो. काही दिवसांनी गुरुजी पारावर बसणं सोडतात, मग लग्नकार्याला जाणं सोडतात. पंगतीत हातातली वाटी हिंदकळते आणि समोरचा माणूस मुद्दाम दुसरीकडे बघतो, ते त्यांना सोसत नाही.

हे गुरुजी कोणी एक गृहस्थ नव्हेत. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, अनेक घरांत जे घडतं ते मी एका माणसात गोळा केलंय. प्रकरणभर ते आपल्यासोबत राहतील.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं. मेंदूच्या खालच्या भागात काळसर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तिथे डोपामिन नावाचं रसायन तयार होतं आणि त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सफाईदार होतात. या पेशी मरत जातात. हात थरथरायला लागून आपण डॉक्टरकडे जाईपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. लेव्होडोपाच्या गोळ्यांनी पहिली काही वर्षं माणूस बराच सावरतो, मग एका गोळीचा असर दुसरी घेण्याआधीच संपायला लागतो. अक्षर बारीक होत जाणं हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. परभणीहून नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यूरॉलॉजिस्टकडे गेलं की ते एका ओळीत नोंदवून घेतात. कंप, ताठरपणा, मंदपणा, तोल, झोप, बद्धकोष्ठता, सगळ्याची नोंद होते. शाईच्या पॅडची होत नाही. डॉक्टरांना दोष द्यायचं कारण नाही, बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात. पण गुरुजी घरात बसून राहिले ते थरथरणाऱ्या हातामुळे की त्या पॅडमुळे, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. मानसोपचाराचं काम तिथून सुरू होतं.

माणूस गेला तर काय करायचं हे गावाला पक्कं ठाऊक असतं. चूल पेटत नाही, शेजारचे भाकरी-पिठलं आणून देतात. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला नदीवर जायचं, तेराव्याला गोड करून पाहुण्यांनी घरच्यांना कामाला लावायचं. बायका येऊन गळ्यात पडून रडतात. रडणं अपेक्षितच असतं, कोणी रडलं नाही तर उलट काळजी वाटते. गुरुजींच्या घरी यातलं काही होत नाही, कारण कोणी गेलेलं नाही. पाहुणे एकदा येतात, बिस्किटाचा पुडा ठेवतात, "हिंमत सोडू नका, तुमच्यापेक्षा वाईट दशा असलेले लोक आहेत" असं सांगून पाचच्या एसटीने परत जातात. हे वाक्य चांगल्या मनाने म्हटलेलं असतं, पण त्याचा अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत पोचतो तो एवढाच: रडू नका, आम्हाला अवघड होतं.

आणि गमावणं तर रोजचं चालू असतं. सही गेली. मग सदऱ्याची गुंडी, मग दाढी, मग सायकल, मग आवाज. प्रत्येक वेळी थोडं. सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ साली मतिमंद मुलांच्या आईवडिलांविषयी लिहिताना या प्रकारच्या दुःखाला जुनाट शोक म्हटलं होतं. त्यांचा मुद्दा त्या काळच्या तज्ज्ञांना टोचणारा होता. हे आईवडील दुःख पचवू शकत नाहीत म्हणजे त्यांच्या मनात काहीतरी बिघाड आहे, असं मानू नका, असं ते म्हणत. ज्याचं कारण रोज समोर आहे ते दुःख संपणार कसं? मूल सहा वर्षांचं होतं, शाळेचं वय येतं, शेजारची मुलं दप्तर घेऊन निघतात आणि जखम पुन्हा उघडते. गुरुजींच्या घरी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की तसंच होतं.

दोन ब्रिटिश-अमेरिकन नावं इथे घेतली पाहिजेत. मायकेल बरी यांनी १९८२ साली संधिवाताच्या रुग्णांशी बोलून दाखवलं की दीर्घ आजार माणसाच्या चरित्राची घडीच मोडतो. पुढे काय करायचं ठरवलं होतं, कोण कोणाला सांभाळणार होतं, सगळे हिशेब बदलतात. कॅथी शारमाझ यांनी पुढच्याच वर्षी लिहिलं की रुग्णाला वेदनेइतकंच, कधी त्याहून जास्त, छळतं ते आपण जे होतो ते न उरणं. घराबाहेर पडणं कमी होतं, माणसं कमी होतात, आणि आपण कोण हे सांगणारे आरसेच घरातून निघून जातात.

जाता जाता एका गैरसमजाचा निकाल लावू. शोकाच्या पाच पायऱ्या असतात, नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार, हे आता व्हॉट्सअॅपवरही फिरतं. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचं १९६९चं पुस्तक मरणासन्न रुग्णांशी झालेल्या बोलण्यावर आधारलेलं होतं. वाढत जाणाऱ्या आजारात पंधरा वर्षं जगणाऱ्या माणसाला या जिन्यावर उभं करून "तुम्ही अजून रागाच्याच पायरीवर आहात" असं सांगणं हा जुलूम आहे. गुरुजी सकाळी रागावतात, दुपारी नातीशी हसतात, रात्री रडतात, आणि पुढच्या वर्षी व्हीलचेअर आली की पुन्हा पहिल्यापासून. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९ साली मांडलेलं चित्र मला जास्त खरं वाटतं. शोक करणारा माणूस दोन काठांमध्ये हेलकावे खातो. कधी गमावलेल्याकडे, कधी पुढच्या कामाकडे. गुरुजी एक दिवस जुन्या सेवापुस्तकाची पानं उलटत बसतात आणि दुसऱ्या दिवशी तूर विकायची का थांबायचं यावर मुलाशी वाद घालतात. दोन्ही चालू आहेत तोवर फार काळजी नाही. एकाच काठाला माणूस अडकला की मदत लागते.

आता परभणीच्याच एका बाईची गोष्ट. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात बसून आणि गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या संग्रहात गंगूबाईंचा आवाज आहे. १९९०च्या दशकात तो ध्वनिमुद्रित झाला. गंगूबाईंना कुष्ठरोग झाला होता. घरच्यांपासून तुटून त्या गावातल्या देवळात राहत. त्यांच्या गाण्यात सीतेचा वनवास येतो.

कुष्ठरोगावर बहुविध औषधांचा उपचार १९८०च्या दशकात आला आणि आज हा आजार वेळेत पकडला तर पूर्ण बरा होतो. पण बोटांची जाणीव जाण्याच्या कितीतरी आधी माणसाचं नाव जात असे. मामी, काकू, पाटलीणबाई, सगळी नाती एका शब्दाखाली गाडली जात. हा काही फार जुना इतिहास नाही: जोडीदाराला कुष्ठरोग आहे या कारणावरून घटस्फोट घेता येण्याची तरतूद आपल्या विवाहकायद्यांतून निघाली ती २०१९ साली.

मराठवाड्यातल्या बायकांच्या ओव्यांत एक प्रसंग फिरत असतो. रामाने टाकलेली सीता रानात रडते. तिचं रडणं ऐकायला माणूस कोणी नाही, तेव्हा बोरी आणि बाभळी बायका होतात आणि तिच्याजवळ येऊन बसतात. त्या तिला "धीर धर" म्हणत नाहीत. रामाची बाजू समजावत नाहीत. ऐकतात. ज्या बाईला घराने बाहेर काढलं तिने हा प्रसंग गाताना स्वतःचं नाव घ्यायची गरज नव्हती. दुःख सीतेचं होतं, आवाज तिचा होता, आणि ऐकणाऱ्यांना काय कळायचं ते कळत होतं.

ओवी म्हणजे मानसोपचार असं मी म्हणणार नाही. तसं म्हणण्याची हल्ली टूम आहे आणि ती दोघांवर अन्याय करते. ओवीने गंगूबाईंना घर परत मिळालं नाही. पण ऑस्ट्रेलियातले मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी १९८०च्या दशकात उभी केलेली कथन-उपचाराची पद्धत समजून घेताना ताडकळसचं ते देऊळ आठवलं तर बरं. या पद्धतीत आजार माणसापासून वेगळा काढून समोर बसवतात. समुपदेशक गुरुजींना "तुम्हाला काय होतं?" असं विचारत नाही. तो विचारतो, "हा कंपवात तुमच्या घरात कधी शिरला? बँकेत तो तुमच्या कानात काय बोलला? त्याच्या सांगण्यावरून तुम्ही काय काय सोडलंत? आणि त्याचं काही चालत नाही अशी दिवसातली एखादी वेळ आहे का?"

या शेवटच्या प्रश्नावर गुरुजी गप्प बसतात. उत्तर स्वयंपाकघरातून येतं. "नातीला पाढे म्हणायला बसवतेत ना, तवा नाही चालत त्याचं. आवाज बी मोठा निघतो."

पाढ्यांना ताल असतो, हे त्याचं एक कारण. त्याकडे मी नंतर येतो. समुपदेशकाचं काम मात्र इथे ही वेळ पकडून ठेवण्याचं आहे. पाढे शिकवणारा माणूस अजून शिल्लक आहे, त्याची बातमी घरातल्या इतरांना आहे, आणि तो आजारापेक्षा जुना आहे. व्हाइट यांच्या पद्धतीत पुढे साक्षीदार बोलावतात. तीन-चार ओळखीची माणसं बसतात, आणि गुरुजींकडून आपण काय शिकलो ते गुरुजींच्या समोर सांगतात. सल्ला देणं आणि वाहवा करणं, दोन्हीला बंदी. आपल्याकडे हे जमवायला फारसं काही लागत नाही. गावात गुरुजींचे विद्यार्थी पायलीचे पन्नास असतात. कॅशियरही त्यांतलाच.

महाराष्ट्रात समुपदेशकांच्या बोलण्यात आणखी एक नाव वरचेवर येतं, अल्बर्ट एलिस यांचं. त्यांनी १९५५ साली मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे रुजवली ती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला होता. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेने ती हजारो लोकांपर्यंत नेली. एलिस स्वतः चाळिशीपासून मधुमेही होते, म्हणजे दीर्घ आजाराबद्दल ते पुस्तकी बोलत नव्हते. त्यांच्या रीतीने पाहिलं तर गुरुजींच्या मनात दोन वाक्यं एकमेकांना चिकटलीत. एक, "माझी सही गेली." दुसरं, "सही न करू शकणारा मास्तर कवडीमोलाचा." पहिलं सत्य आहे आणि त्याचं दुःख रास्त आहे. दुसरं तपासून बघता येतं. गुरुजींनी ज्यांना सही शिकवली ती माणसं त्याआधी कवडीमोलाची होती का? या प्रश्नाला गुरुजी काय उत्तर देतील हे सांगायला नको.

पण या पद्धतीचा वापर अर्धवट शिकलेल्या माणसाने केला तर घोळ होतो. रुग्णाचं सगळंच दुःख अविवेकी ठरतं आणि "विचार बदला, सगळं ठीक होईल" असा उपदेश सुरू होतो. एलिस यांना हे अभिप्रेत नव्हतं. दुःख आणि नैराश्य यांत त्यांनी स्पष्ट फरक केला होता. जे गेलं त्याचं वाईट वाटणं ही निरोगी गोष्ट आहे, ते उपचाराने घालवायचं नसतं.

मग करायचं काय, हा गावाकडचा माणूस पहिल्याच भेटीत विचारतो. तत्त्वज्ञान ऐकायला तो तीस किलोमीटर आलेला नसतो. इथे मला स्टीव्हन हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पद्धत उपयोगी वाटते. अॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी हे तिचं नाव. तिचा गाभा असा: नको असलेल्या भावनांशी झुंजण्यात आयुष्य घालवू नका, त्यांना बाजूला बसू द्या, आणि आपल्याला महत्त्वाचं काय ते शोधून त्या दिशेने आज जेवढं पाऊल पडेल तेवढं टाका. ध्येय आणि मूल्य यांत ही पद्धत फरक करते. ध्येय गाठलं की संपतं, किंवा आजार ते हिरावून घेतो. मूल्य मात्र वेगवेगळ्या वाटांनी जगता येतं.

उदाहरण जिल्ह्यातलंच घेऊ. शेगावची गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाताना परभणी, दैठणा, गंगाखेड या वाटेने जाते. एखादा वारकरी वीस वर्षं त्या पालखीबरोबर चालला आणि मग पायांनी दगा दिला. "वारी चुकली" या दोन शब्दांचं त्याच्या घरात वर्षभर सुतक असतं. समुपदेशक त्याला विचारतो, वारीत तुम्हाला सगळ्यात काय आवडायचं? चालणं? तो म्हणतो, नाही, लोकांची सेवा. मग दैठण्याच्या रस्त्यावर खुर्ची टाकून बसा. नातू पाण्याचे पेले भरेल, तुम्ही हातात द्या. हात थरथरतो, अर्धा पेला सांडतो, तरी वारकरी ते पाणी पितो आणि पाया पडून पुढे जातो. यात वारी चुकल्याचं दुःख गेलं का? नाही. पालखी पुढे सरकली की तो रडतोच. ही पद्धत दोन्ही गोष्टी एका दुपारी होऊ देते.

आता तालाबद्दल. पार्किन्सनच्या रुग्णाचा पाय कधीकधी उंबऱ्यात अचानक खिळतो, हलता हलत नाही. पण जमिनीवर खडूने आडव्या रेघा मारल्या तर तोच माणूस त्या ओलांडत चालतो, आणि ठेका ऐकवला तर त्या ठेक्यावर पाऊल उचलतो. मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रुग्णांना काही आठवडे रोज तालावर चालवलं आणि त्यांची चाल सुधारली. मेंदूतला आतला ठेका हरवला तरी बाहेरून आलेला ठेका दुसऱ्या वाटेने पायांपर्यंत पोचतो, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली पार्किन्सनच्या लोकांसाठी नाचाचे वर्ग सुरू केले. पुण्यात हृषीकेश पवार यांनी तसे वर्ग चालवले, पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळातली माणसं त्यांत नाचली. हे मंडळ रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनीच उभं केलेलं. सहली, व्याख्यानं, ११ एप्रिलच्या जागतिक पार्किन्सन दिनाचा मेळावा, सगळं तेच करतात. नाचाच्या वर्गात सत्तरीचा माणूस "रुग्ण" म्हणून येतो आणि तासाभराने "माझी स्टेप चुकली" अशी तक्रार करत बाहेर पडतो. ही तक्रार फार मोलाची आहे. ती नाचणाऱ्या माणसाची आहे.

परभणीत नाचाचा वर्ग नसेल, पण टाळ, मृदंग आणि पावली आहे. भजनी मंडळाला फिजिओथेरपिस्टने एकदा भेटावं असं मला फार वाटतं. आधाराला दोन माणसं ठेवून, पडण्याचा धोका बघून, पावलीची पहिली दोन पावलं.

आवाज जाण्याआधी करायची एक गोष्ट आहे. कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वी मॅक्स चोचिनोव्ह यांनी २००५ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष्याच्या शेवटाकडे आलेल्या माणसाला ते ठरावीक प्रश्न विचारतात: तुम्हाला सगळ्यात जिवंत कधी वाटलं होतं? घरच्यांनी तुमच्याबद्दल काय लक्षात ठेवावं? कशाचा अभिमान वाटतो? कोणाला काही सांगायचं राहिलंय? बोलणं ध्वनिमुद्रित करतात, लिहून काढतात, रुग्णाला वाचून दाखवतात, तो सांगेल तसं दुरुस्त करतात आणि घरच्यांसाठी त्याच्या हाती देतात. प्रामाणिकपणे सांगायचं तर २०११च्या मोठ्या चाचणीत या उपचाराने मनाचा त्रास मोजणाऱ्या तक्त्यांवर लक्षणीय फरक दिसला नाही. रुग्णांनी मात्र इतर मदतीपेक्षा तो अधिक उपयोगी वाटल्याचं सांगितलं.

गुरुजींच्या घरी याला मोबाइल आणि कॉलेजातला नातू पुरतो. गोळी घेतल्यावर तासाभराने, जेव्हा आवाज बरा असतो तेव्हा, पंधरा मिनिटं. नातू पहिल्यांदा "आजोबा, तुमच्या जीवनाचा संदेश काय?" असं विचारून सगळं बिघडवतो. दुसऱ्या दिवशी तो विचारतो, "तुमची पहिली शाळा कोणती?" आणि गुरुजी जिंतूर तालुक्यातल्या एकशिक्षकी शाळेत, गळक्या पत्र्याखाली, चार वर्ग एकाच खोलीत बसवल्याची हकीकत सुरू करतात. गंमत म्हणजे लिहून काढलेलं वाचून दाखवताना गुरुजी व्याकरणाच्या चुका काढतात.

गुरुजींच्या पत्नीकडे, बाईंकडे, अजून कोणी पाहिलेलं नाही. गुरुजींच्या गोळ्या सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. त्यांच्या रात्री तीनदा उठण्याबरोबर बाईंचंही उठणं. मुलगा चाकणला, सून नोकरीची. "तुम्ही आहात म्हणून ते आहेत" असं सगळे म्हणतात. बाई एकदा गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंजवळ म्हणाल्या, "हे समोर बसलेले असतेत, अन् मला ह्यांचीच आठवण यायली." अशा दुःखाचा अभ्यास पॉलीन बॉस यांनी केला. १९७०च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांपासून त्यांनी सुरुवात केली: माणूस नाही, पण गेल्याचा पुरावाही नाही. पुढे त्यांनी उलट बाजू पाहिली. माणूस घरात आहे, पण तो माणूस उरलेला नाही. स्मृतिभ्रंशात हे सगळ्यात तीव्र असतं, पार्किन्सनमध्येही नंतरच्या टप्प्यावर अनेकांची स्मृती आणि स्वभाव बदलतो. बॉस यांचा उपचार एका साध्या परवानगीवर उभा आहे. "ते आहेत" आणि "ते नाहीत" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी मानायला त्या घरच्यांना शिकवतात. एक निवडा असा आग्रह माणसाला वेड लावतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या २०१३च्या चित्रपटात संस्कृतचे गाढे पंडित डॉ. चक्रपाणी शास्त्री स्मृतिभ्रंशात हरवतात. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली, आणि ते स्वतः मानसोपचाराचे प्राध्यापक होते. मोटारीतून उतरून शास्त्री एका हत्तीमागे चालू लागतात आणि माहुताच्या पालावर पोचतात. माहुताच्या बायकोला ते कोण, किती विद्वान, काहीच माहीत नाही. त्यामुळे तिला त्यांच्यात काही कमी झालेलंही दिसत नाही. ती त्यांना भरवते, सांभाळते. मुलगी मात्र पूर्वीच्या बाबांना शोधत असते. परकी बाई अधिक सहज वागू शकते ती तिचं प्रेम मोठं म्हणून असं मला वाटत नाही. तिने काही गमावलेलं नाही. मुलीने गमावलंय. घरच्यांच्या चिडचिडीला स्वार्थ म्हणण्याआधी हा फरक ध्यानात घ्यावा.

गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ८१ कुटुंबांबरोबर एक चाचणी केली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. तज्ज्ञ डॉक्टर घरोघर जाणं शक्य नव्हतं, म्हणून स्थानिक माणसांना शिकवून गृहसल्लागार केलं. ते सहा महिने नियमित घरी जात, आजार समजावून सांगत, रुग्ण चिडला तर काय करायचं ते दाखवत, सरकारी योजनांचा रस्ता सांगत आणि सांभाळणाऱ्या बाईचं ऐकून घेत. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. गोव्यातच २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संगत संस्थेच्या चाचणीत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना प्राथमिक आरोग्य केंद्रात शिकवून तयार केलेल्या सामान्य समुपदेशकांनीच उपचार दिले. उपचार साधा: सोडून दिलेल्या कामांतली छोटी कामं ठरवून पुन्हा सुरू करायची. तोही उपयोगी ठरला. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञ पडत नाही, तेव्हा परभणीसारख्या जिल्ह्याला हाच रस्ता आहे. मराठवाडा आणि पश्चिम विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत २०१५पासून शेतकरी कुटुंबांसाठी प्रेरणा प्रकल्प चालतो, त्यात परभणी आहे आणि आशाताई दारोदार जाऊन मनाची विचारपूस करतात. त्याच फेरीत दीर्घ आजाराच्या घरी अर्धा तास जास्त बसता येईल. २०२२ साली सुरू झालेली टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

आशाताईंनाच नव्हे, डॉक्टरांनाही इथे एक अडचण येते. नैराश्य ओळखायच्या प्रश्नावल्यांत झोप, थकवा, भूक, मंदपणा यांची विचारणा असते. पार्किन्सनचा रुग्ण नैराश्य नसतानाही त्यातल्या निम्म्या प्रश्नांना "हो" म्हणतो. त्याचा चेहराही आजाराने मख्ख झालेला असतो. उलट, नैराश्य खरोखर असतं तेव्हा "एवढा आजार आहे, वाईट वाटणारच" म्हणून ते सोडून दिलं जातं. या आजारात तीन जणांमागे साधारण एकाला उपचार करण्याजोगं नैराश्य येतं, आणि त्यावर औषध असतं. शोक लाटांनी येतो, मधल्या वेळात नातीचा पाढा गोड लागतो. नैराश्यात कशाचीच गोडी उरत नाही आणि "मी ओझं आहे" हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. तसं झालं तर वाट न बघता जिल्हा रुग्णालय गाठावं, आणि शेतकऱ्याचं घर असेल तर फवारणीची औषधं त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवावीत.

शेवटी गुरुजी जातात, कारण या आजाराची दिशा उलटत नाही. एरिक लिंडेमान यांनी १९४४ सालीच नोंदवलं होतं की मरण येण्याआधीच घरची माणसं बराच शोक करून घेतात. त्यामुळे बाईंच्या डोळ्याला पाणी येत नाही, आणि लोक बघतात. पहिल्या रात्री त्यांना सलग सहा तास झोप लागते आणि सकाळी स्वतःचीच शरम वाटते. "सुटले बिचारे" असं गाव म्हणतं. "मी पण सुटले" असं बाईंना वाटतं, पण ते म्हणायची सोय नाही. दहा वर्षं ज्या घड्याळाच्या काट्यावर गोळ्या दिल्या त्या सहा, दहा, दोन, सहाला हात आपोआप डबीकडे जातो. बाईंना आता दिवसभराचं काम उरलेलं नाही, आणि आपण कोण हा गुरुजींचा प्रश्न त्यांच्याकडे आलेला आहे. आशाताईंनी किंवा समुपदेशकाने या घरी जायचं ते तेरावा झाल्यानंतर, पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर. एकदाच जाऊन भागत नाही. महिन्याने पुन्हा जावं आणि हयातीच्या दाखल्याच्या नोव्हेंबरात आठवणीने जावं, कारण कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तो दाखला आता बाईंच्या नावाने लागतो.